हवेच्या वरचं आकाश

२३ जुलै १९९९, शुक्रवार. झाडीपट्टीत ते रोवणीचे दिवस. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीपासून पलीकडे आरमोरी-वडशापर्यंत या सुमारास बांध्यांमध्ये पाणी धरलेलं असतं आणि बायका कंबर वाकवून धानाचं रोप लावत असतात. वर्तमानपत्रांची पानं त्या महिन्यात कारगिलने भरलेली होती, दुसऱ्या बातमीला फारशी जागा नव्हती. आपल्याकडे सकाळचे दहा वाजून एक मिनिट झालं होतं. फ्लोरिडात तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता आणि केप कॅनव्हरलच्या किनाऱ्यावरून कोलंबिया हे अवकाशयान पाच माणसं आणि एक दुर्बीण घेऊन उडालं. त्या दुर्बिणीचं नाव होतं चंद्रा.

माणसांनी स्वतः बरोबर जाऊन अवकाशात सोडलेल्या मोठ्या वेधशाळा मोजक्याच आहेत. १९९० मध्ये डिस्कव्हरी यानातून हबल गेली, १९९१ मध्ये अटलांटिसमधून गॅमा किरणांची कॉम्प्टन आणि १९९९ मध्ये चंद्रा. ही शटल यानं निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे अशी मोहीम पुन्हा कधी होईल हे सांगता येत नाही. या तिघींपैकी चंद्राची गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. तिचे धागे मुंबईच्या बंदरातून, नारायणगावच्या माळावरून आणि थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातून गेलेले आहेत, म्हणून ती इथे सविस्तर सांगावीशी वाटते.

आकाश पाहायला गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या जागा महाराष्ट्रात आता फार उरलेल्या नाहीत. पाऊस संपून थंडी पडली की इथल्या जंगलातल्या रात्रीला आकाशगंगेचा पट्टा उघड्या डोळ्यांनी दिसतो. हे आकाश इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचलेलं आहे. मृग नक्षत्राच्या ताऱ्यांत गोंड शेतकऱ्याला नांगर दिसतो. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये फिरून हे ज्ञान टिपलं आणि २०१३ मध्ये ते एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केलं. वाहियांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पण काही गोष्टी भामरागडहूनही दिसत नाहीत आणि त्याला गावातल्या दिव्यांचा उजेड कारण नाही. कारण आहे हवा. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिचं वजन दहा मीटर खोल पाण्याच्या थराइतकं भरतं. फुटलेल्या ताऱ्याचा लाखो-कोट्यवधी अंश तापलेला वायू किंवा कृष्णविवरात पडताना तापलेलं द्रव्य मुख्यतः क्ष-किरणांत झळकतं. ते किरण वरच्या वर हवेत शोषले जातात. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधली, हिमालयाच्या माथ्यावर नेऊन ठेवली, तरी हे आकाश काळंच राहतं. हवेचे आपल्यावर उपकार आहेत, ती नसती तर या किरणांखाली धानाचं रोपही वाढलं नसतं. मात्र त्या उपकाराची किंमत अशी, की आकाशातला सर्वांत दाहक, सर्वांत उलथापालथीचा भाग आपल्यापासून झाकलेला राहिला.

तो पहिल्यांदा उघडला १८ जून १९६२ रोजी. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून एक लहान अग्निबाण सोडला. तो हवेच्या वर राहिला जेमतेम काही मिनिटं. त्यांना पाहायचा होता चंद्रावरून येणारा क्ष-किरणांचा अंश, पण उपकरणाला भलताच प्रखर स्रोत सापडला. तो होता वृश्चिक राशीच्या दिशेला. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याकडून आलेले क्ष-किरण माणसाने टिपले ते तेव्हा पहिल्यांदा. सहाच वर्षांनी, १९६८ मध्ये, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून मोठा फुगा सोडून त्याच स्रोताचा वेध घेतला. फुगा जातो तिथेही थोडी हवा उरतेच, त्यामुळे त्यातले अधिक ऊर्जेचे किरण तेवढे हाती लागतात. तरीही साधनांची एवढी चणचण असताना हे काम झालं, याची नोंद आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळक असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१९७६ मध्ये जियाकोनी आणि हार्वे टॅननबॉम यांनी नासापुढे मोठ्या क्ष-किरण दुर्बिणीचा प्रस्ताव ठेवला. ती उडायला तेवीस वर्षं लागली. अडचण मुळात आरशाची होती. क्ष-किरण समोरासमोर आरशावर पडला तर परत फिरत नाही, आत शिरतो. तळ्यात चपटा दगड पाण्याला जवळजवळ समांतर फेकला तर टप्पे घेत जातो आणि उभा टाकला तर बुडतो, तसंच हे. म्हणून चंद्राचे आरसे ताटलीसारखे नाहीत. ती एकात एक बसवलेली नळकांडी आहेत, काचेची, आतून इरिडियम धातूचा मुलामा दिलेली. किरण त्यांच्या आतल्या भिंतीला अगदी तिरका घासून जातो, दोनदा वळतो आणि दहा मीटर अंतरावरच्या कॅमेऱ्यावर पडतो. सर्वांत बाहेरच्या नळकांड्याचा व्यास १.२ मीटर. मूळ आराखड्यात अशा सहा जोड्या होत्या. १९९२ मध्ये खर्चाला कात्री लागली, त्यात दोन जोड्या गेल्या आणि उपकरणंही कमी झाली. त्याच वेळी आणखी एक निर्णय झाला. हबलसारखी अधूनमधून माणसं पाठवून दुरुस्ती करायची, हा बेत सोडून दिला गेला. त्याऐवजी चंद्राला इतक्या उंच कक्षेत ठेवायचं ठरलं, की पृथ्वी तिच्या नजरेआड फारशी येणारच नाही. म्हणजे माणसं तिला वर पोचवणार आणि निरोप घेणार. पुढे काही बिघडलं तर तिच्यापर्यंत कुणाचाही हात पोचणार नव्हता.

१९९८ मध्ये तिच्या नावासाठी स्पर्धा झाली. ६१ देशांतून सहा हजारांवर सूचना आल्या. आयडाहोतला एक शाळकरी मुलगा आणि कॅलिफोर्नियातल्या एक शिक्षिका या दोघांनी सुचवलेलं नाव निवडलं गेलं. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी ‘चंद्रा’ म्हणत, तेच नाव दुर्बिणीला मिळालं.

चंद्रशेखर यांचं ते गाजलेलं गणित सुरू झालं मुंबईतून. ३१ जुलै १९३० रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मुंबईच्या बंदरात पिल्स्ना नावाच्या बोटीत चढले. केंब्रिजला शिकायला निघाले होते. बोट व्हेनिसला पोचेपर्यंत दोन-अडीच आठवडे होते. त्या दिवसांत डेकवर बसून त्यांनी विझत आलेल्या ताऱ्यांचं गणित मांडलं आणि त्यातून निघालं, की असा तारा एका मर्यादेपलीकडे जड असेल तर तो श्वेतबटू म्हणून शांत पडून राहू शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण १.४ पट आहे. त्यापलीकडे तो कोसळत जाणार. जानेवारी १९३५ मध्ये लंडनला, तेव्हाचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची शास्त्रज्ञांच्या भर सभेत टर उडवली. चंद्रशेखर यांनी वाद वाढवला नाही, त्यांनी विषय बदलला आणि पुढचा अभ्यास चालू ठेवला. त्यांना नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये. पुण्याच्या आयुका या संस्थेचं डिसेंबर १९९२ मध्ये लोकार्पण झालं, तेव्हा ते तिथे आले होते. तिथल्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत ते वारले. आपल्या नावाची दुर्बीण त्यांना पाहायला मिळाली नाही. मात्र ती दुर्बीण बघणार होती ते त्यांच्याच गणितातले तारे, मर्यादा ओलांडून कोसळलेले आणि फुटलेले.

आता उड्डाणाकडे येऊ. पहिला मुहूर्त २० जुलैचा, माणूस चंद्रावर उतरला त्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं होत होती. या मोहिमेच्या कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स. शटल यानाचं नेतृत्व एका स्त्रीकडे येण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून बघायला हिलरी क्लिंटन आल्या होत्या, अमेरिकेचा विश्वविजेता महिला फुटबॉल संघही आला होता. उलटी मोजणी सातवर आली आणि थांबली. यानाच्या शेपटाकडच्या भागात हायड्रोजन साचल्याचा आकडा एका अभियंत्याला पडद्यावर दिसला आणि त्याने तत्काळ मोजणी तोडायला सांगितलं. इंजिनं पेटायला तेव्हा अर्धा सेकंद उरला होता. नंतर कळलं, की गळती नव्हतीच, मोजणाऱ्या यंत्राने चुकीचा आकडा दाखवला होता. पण त्या क्षणी हे कळण्याचा काही मार्ग नव्हता, तेव्हा त्याने केलं ते बरोबरच केलं. २२ तारखेला विजा कडाडल्या, म्हणून उड्डाण पुढे गेलं. २३ ला तिसरा प्रयत्न.

यानाच्या पोटात त्या रात्री २२,७५३ किलोंचा भार होता. स्वतः चंद्रा सुमारे पावणेपाच टनांची, बाकी बहुतेक वजन तिला पुढे ढकलणाऱ्या दोन टप्प्यांच्या अग्निबाणाचं. एवढं ओझं कोणत्याही शटल यानाने तोवर नेलं नव्हतं. दोन्ही मिळून लांबी सतरा मीटरांवर, मालकक्ष अठरा मीटरांचा.

यान जमीन सोडून पाच सेकंद झाले आणि कॉलिन्स यांच्यापुढच्या फलकावर विजेच्या बिघाडाचा इशारा लागला. एका तारेचं वेष्टण वर्षानुवर्षं एका स्क्रूच्या खरबरीत डोक्याला घासत आलं होतं. उड्डाणाच्या हादऱ्यात उघडी तार धातूला टेकली आणि विजेचा एक प्रवाह तुटला. कोलंबियाला तीन मुख्य इंजिनं होती आणि प्रत्येकावर दोन संगणक होते, एक चालवणारा, एक राखीव. त्या एका तारेने मधल्या इंजिनाचा मुख्य संगणक बंद पाडला आणि उजव्या इंजिनाचा राखीव. इंजिनं चालू राहिली, कारण उरलेल्या संगणकांनी काम पुढे नेलं. पण आता दोन इंजिनं एकेका संगणकाच्या भरवशावर होती आणि कक्षेत पोचायला आठ मिनिटांहून जास्त वेळ बाकी होता. तेवढ्यात दुसरं काही तुटलं असतं, तर हवेत उलटं वळून धावपट्टीवर परतण्याचा मार्ग कागदावर होता. प्रत्यक्षात तो कुणीही कधी करून पाहिलेला नव्हता, तेही पोटात एवढं ओझं असताना.

आणि दुसरं काही तुटलेलंही होतं, फक्त वर कुणाला ते कळलं नव्हतं. उजव्या इंजिनात ऑक्सिजन सोडणाऱ्या शेकडो बारीक नळ्यांपैकी काही संशयास्पद वाटल्याने आधीच बुजवलेल्या होत्या. बुजवायला वापरली होती सोन्याचा मुलामा दिलेली इंचभर लांबीची पिन. इंजिन पेटताच ती पिन निसटली, आगीच्या लोटाबरोबर बाहेर फेकली गेली आणि जाता जाता इंजिनाच्या तोटीच्या आतल्या भिंतीला लागली. या भिंतीत १,०८० बारीक नळ्या असतात आणि त्यांतून थंड हायड्रोजन वाहतो म्हणूनच तोटी वितळत नाही. पिनेने त्यांतल्या तीन फोडल्या. साडेआठ मिनिटं तिथून हायड्रोजन गळत होता. ती तूट भरून काढायला इंजिन जास्त ऑक्सिजन खात होतं. शेवटी टाकीतला ऑक्सिजन ठरल्या वेळेच्या किंचित आधी संपला आणि इंजिनं आपोआप बंद झाली. यानाचा वेग हवा होता त्याहून सेकंदाला पाच मीटरनेच कमी भरला. कक्षा अकरा-बारा किलोमीटर खाली पडली, इतकंच नुकसान झालं.

नुकसान थोडं झालं म्हणून प्रसंग लहान होत नाही. ज्या रात्री एक तार आणि एक पिन अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या, त्या रात्री पाच माणसं वाचली ती प्रत्येक इंजिनावर दुसरा संगणक ठेवणाऱ्यांच्या दूरदृष्टीमुळे. पुढे सगळ्या यानांच्या तारा तपासायला घेतल्या आणि डिसेंबरपर्यंत एकही यान उडालं नाही.

वर पोचल्यावर कामाला जोर आला. दुर्बीण सोडण्याची मुख्य जबाबदारी कॅथरीन कोलमन यांच्याकडे होती, रसायनशास्त्राच्या जाणकार आणि हवाई दलातल्या अधिकारी. त्यांच्या जोडीला फ्रान्सचे मिशेल तोन्यिनी. जेफ्री अॅशबी वैमानिक होते. पाचवे स्टीव्हन हॉली. १९९० मध्ये हबलला यांत्रिक हाताने उचलून बाहेर ठेवलं होतं ते यांनीच. स्वतः खगोलशास्त्रज्ञ असलेला हा माणूस दोन मोठ्या वेधशाळांच्या पाठवणीला हजर राहिला, असं भाग्य दुसऱ्या कुणाला आलं नाही.

मालकक्षाची दारं उघडली. चंद्रा ज्या चौकटीवर टेकली होती ती हळूहळू वर उचलली, मध्ये थांबवून तपासण्या केल्या, मग ५८ अंशांपर्यंत उभी केली. यानातून तिला मिळणारी वीज तोडली. त्या क्षणापासून ती तिच्या स्वतःच्या बॅटरीवर होती. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. कोलमन यांनी कळ फिरवली, स्प्रिंगांनी तिला ढकललं आणि सतरा मीटरांचा तो पांढरा-रुपेरी दंडगोल यानाच्या छतावरून सावकाश सरकत पुढे गेला. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन वस्तू एकमेकींपासून माणसाच्या चालीने दूर होत होत्या. कॉलिन्स आणि अॅशबी यांनी कोलंबिया मागे घेतलं. तासाभराने चंद्राच्या मागचा अग्निबाण पेटला, दोन मिनिटं एक टप्पा, दोन मिनिटं दुसरा. नंतर तिच्या स्वतःच्या इंजिनाने उरलेलं काम केलं. ७ ऑगस्टला ती आपल्या कक्षेत पोचली. पृथ्वीपासून जवळ असताना दहा हजार किलोमीटर, लांब असताना एक लाख चाळीस हजार. आकाशातल्या चंद्राच्या वाटेवरचा एक तृतीयांश टप्पा ओलांडणारी ही कक्षा, एका फेरीला ६४ तास.

कोलंबिया २८ जुलैला, आपल्या सकाळी नऊच्या सुमारास, फ्लोरिडात रात्रीच्या अंधारात उतरलं. पाचही जण सुखरूप.

इथे जरा मागे जायला हवं, कारण मुंबईतल्या संस्थेने केलेलं एक उपकरण याआधीच माणसांबरोबर अवकाशयानातून जाऊन आलं होतं. त्याचं नाव अनुराधा. २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यान स्पेसलॅब-३ ही प्रयोगशाळा घेऊन उडालं. यानात सात माणसं होती, शिवाय दोन माकडं आणि चोवीस उंदीर. बाहेर मालकक्षात टाटा संस्थेच्या सुकुमार विश्वास यांच्या गटाने बांधलेली अनुराधा. तिच्यात होत्या एका खास प्लास्टिकच्या पातळ चकत्यांच्या थप्प्या. दूर अवकाशातून येणारा भारित कण चकतीतून गेला की अदृश्य माग सोडतो आणि नंतर रसायनात बुडवली की तो माग उघडा पडतो. खालची थप्पी वरच्या थप्पीच्या तुलनेत ठरावीक गतीने फिरत होती, त्यामुळे कण कोणत्या वेळी आला तेही कळायचं. वेळ कळली की यान कुठे होतं ते कळतं, मग पृथ्वीच्या चुंबकत्वातून तो कण तिथवर येऊ शकला म्हणजे त्याचे किती इलेक्ट्रॉन गळालेले असतील याचा हिशोब लागतो. विश्वकिरणांतल्या काही विशिष्ट कणांचे फार थोडे इलेक्ट्रॉन गेलेले असतात, हे ठरवण्यात या प्रयोगाचा वाटा आहे. ६ मे रोजी यान परतलं, चकत्या मुंबईला आल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक माग मोजण्याचं काम सुरू झालं. त्या गटात एक तरुण नाव होतं मयंक वाहिया यांचं. पुढे गोंड वस्त्यांत बसून नांगर आणि बाज टिपून घेणारे ते हेच. अनुराधाला घेऊन गेलेलं चॅलेंजर जानेवारी १९८६ मध्ये उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत फुटलं, त्यातले सातही जण गेले.

चंद्राचं पहिलं मोठं छायाचित्र २६ ऑगस्ट १९९९ रोजी जगापुढे आलं. सतरा वर्षांपूर्वी याच तारखेला चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला होता. छायाचित्र होतं शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एका फुटलेल्या ताऱ्याचं. अकरा हजार प्रकाशवर्षांवरचा हा तापलेल्या वायूचा गोळा आधीही ठाऊक होता, पण त्याच्या मध्यभागी काय उरलं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. चंद्राच्या पहिल्याच चित्रात तिथे एक बारीक ठिपका दिसला. ताऱ्याचा कोसळलेला गाभा. बोटीच्या डेकवर एका मुलाने मांडलेल्या गणितात ज्याचं बीज होतं, तो असा समोर आला.

त्याच अवशेषाचा पुढे चंद्राने नकाशा काढला, कोणतं मूलद्रव्य कुठे पसरलं आहे त्याचा. सिलिकॉन वेगळं, गंधक वेगळं, कॅल्शियम वेगळं, लोह वेगळं. एकट्या लोहाचा अंदाज पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सत्तर हजार पट निघाला. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात जे लोह आहे, ज्यावरून आज इतका खल चालू आहे, ज्याच्यासारख्या दगडातून या भागातल्या कारागिरांनी भट्ट्या लावून शतकानुशतकं लोखंड काढलं, तेही असंच ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं आहे. सूर्य जन्मायच्या आधी कुठल्या तरी ताऱ्यांत ते घडलं आणि फुटून पसरलं. ही गोष्ट पुस्तकात आधीपासून लिहिलेली होती. ती घडताना बघायला मात्र हवेच्या वर जावं लागलं.

सुरुवातीला चंद्रावर एक संकटही आलं. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जाताना तिचे आरसे मंद प्रोटॉन गोळा करून कॅमेऱ्यावर टाकत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काही आठवड्यांत कॅमेऱ्याच्या चिपा अधू झाल्या. दुरुस्तीला माणूस जाऊ शकत नव्हता. शास्त्रज्ञांनी जमिनीवरून उपाय काढला, पट्टे आले की कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवायचा. तेव्हापासून प्रत्येक फेरीला हे करत आले आहेत. पाच वर्षांसाठी बांधलेली दुर्बीण पंचवीस वर्षांहून जास्त चालली त्यात अशा चिवट काळजीचा मोठा हिस्सा आहे.

महाराष्ट्राच्या मातीवरून तिला जोड मिळाली खोडदची. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. भुजंगधारी तारकासमूहातल्या ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांच्या एका समूहात तापलेल्या वायूला वक्राकार कड पडल्याचं चंद्राने आधी टिपलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालं, की ती कड म्हणजे एका महास्फोटाने वायूत कोरलेल्या प्रचंड पोकळीचा काठ आहे. तोवर पाहिलेल्या स्फोटांतला हा सर्वांत मोठा, एका कृष्णविवराने घडवलेला. पोकळीच्या आत रेडिओ लहरी भरलेल्या आहेत हे दाखवणाऱ्या दुर्बिणींत खोडद होतं. क्ष-किरणांना हवा अडवते, रेडिओ लहरींना वाट देते. म्हणून एक दुर्बीण सव्वा लाख किलोमीटर उंचीवर आणि दुसरी जुन्नर तालुक्यातल्या शेतांमध्ये, दोघी एकाच जागेकडे बघत होत्या.

ज्या हवेच्या वर जाण्यासाठी हा सगळा खटाटोप, ती खाली येणाऱ्याला सोडत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया, चंद्राला घेऊन गेलेलं तेच यान, परतताना हवेत तुटलं. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा लागून डाव्या पंखाला भोक पडलं होतं, त्यातून तापलेला वायू आत शिरला. सात जण गेले, त्यांत आपल्या कल्पना चावला. यानाचे तुकडे टेक्सासच्या रानांत आणि शेतांत विखुरले. त्याआधी कॉम्प्टन वेधशाळेचा एक जायरोस्कोप बिघडला, तेव्हा नासाने ती एरवी धडधाकट असतानाच जून २००० मध्ये मुद्दाम प्रशांत महासागरात पाडली. सतरा टनांची ती वस्तू आपोआप पडू दिली तर वस्तीवर पडेल, ही भीती त्यामागे होती. काही शास्त्रज्ञांनी हळहळ व्यक्त केली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

योग्य का वाटतो ते सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. अनेकांनी मोबाइलवर टिपली, कुणाला उल्का वाटली, कुणाला विमान. लाडबोरीत मोठा आवाज झाला आणि गावातल्या मोकळ्या जागेत तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. कडं पोलीस ठाण्यात नेलं, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले.

हे काय असावं याचं उत्तर काही तासांत आलं ते अमेरिकेतल्या केंब्रिजमधून. चीनच्या चांग झेंग ३बी अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला आणि तेव्हापासून घिरट्या घालणारा, असं जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. अवकाशात सोडलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशोब ठेवण्याचा ध्यास त्यांनी आयुष्यभर घेतला. नोकरी मात्र त्यांची खगोलशास्त्रज्ञाची होती आणि ती होती चंद्रा दुर्बीण जिथून चालवली जाते त्या केंद्रात. कॉलिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वर नेऊन सोडलेल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या माणसाने लाडबोरीच्या कड्याची ओळख पटवली.

चंद्रा स्वतः इतकी उंच आहे की तिच्या पडण्याची चिंता नाही. चिंता आहे पैशाची. मार्च २०२४ मध्ये तिच्या वार्षिक निधीत मोठी कपात सुचवली गेली, सुमारे ६८ दशलक्ष डॉलरवरून ४१ वर. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी विरोध केला आणि दुर्बीण चालू राहिली. तिच्या जागी तितकी तीक्ष्ण नजर असलेली दुसरी दुर्बीण आज बांधून तयार नाही. ती बंद पडली तर क्ष-किरणांतलं हे बारीक चित्र कित्येक वर्षांसाठी मिटेल, म्हणून हा वाद अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडची अॅस्ट्रोसॅट ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली. तिच्यावर टाटा संस्थेने बांधलेली क्ष-किरण दुर्बीण आहे. तिने चांगलं काम केलं आहे. मात्र तिची नजर चंद्राइतकी बारीक नाही आणि तसा तिचा उद्देशही नव्हता.

चंद्राने टिपलेलं जवळजवळ सगळं, निरीक्षणानंतर ठरावीक काळ उलटला की, सर्वांसाठी खुलं होतं. शर्मिष्ठेतल्या त्या अवशेषाची १९९९ पासूनची मूळ निरीक्षणं, एकेका किरणाची नोंद, कुणालाही इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते आणि ती तपासायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे, चंद्रपूरची कितीतरी महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. आयुका मुळात उभी राहिली ती विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राचं संशोधन करता यावं म्हणून, आणि पुण्याला जाऊन हे शिकता येतं. आरमोरीच्या एखाद्या मुलीला ताऱ्यातलं लोह स्वतः मोजायचं असेल तर लागणारी नोंद तयार आहे, तिला हवा आहे एक संगणक, टिकणारं इंटरनेट आणि या वाटेवर एकदा जाऊन आलेला शिक्षक.